गडकऱ्यांची बरतर्फी : शिबंदी-कपातीच्या कागदांचा अर्थ

किल्ल्यांच्या हिशेबी कागदांत एक लहानसा शब्द वारंवार आढळतो, तो म्हणजे 'कमी'. तैनातजाबत्यात असामींची नावे ओळीने मांडलेली असतात, प्रत्येकापुढे त्याची नेमणूक लिहिलेली असते, आणि अखेरच्या गोषवाऱ्यात 'पैकी कमी' असे लिहून काही आकडा वजा केलेला असतो. असा कागद हाती आला म्हणजे संग्राहक मंडळी मिती पाहतात, शिक्का पाहतात, एखादे प्रसिद्ध नाव आहे काय हे पाहतात, आणि 'किरकोळ हिशेब' म्हणून तो रुमालाच्या तळाशी घालतात. आम्हीही पुष्कळ वर्षे तसेच केले. परंतु हा 'कमी' झालेला मनुष्य कोण, तो का कमी झाला आणि पुढे त्याचे काय झाले, ह्याचा विचार करू लागल्यावर इंग्रजी अमलाच्या पहिल्या तीस वर्षांतील पुष्कळशा दंग्यांची मुळे ह्याच शब्दापाशी येऊन मिळतात असे आमच्या ध्यानात आले. त्याचे विवेचन प्रस्तुत लेखात योजिले आहे.

खजिना आटला म्हणजे लष्करी खात्याच्या खर्चास कात्री लागते, व कात्री लागली म्हणजे माणसे घरी बसतात. हा प्रकार कोणत्याही एका राज्याचा वा एका काळाचा नव्हे. मात्र घरी बसणारा मनुष्य नुसता पगारी चाकर आहे की त्याची चाकरी, त्याची जमीन व त्याची अब्रू ही एकाच गाठीने बांधलेली आहेत, ह्यावर त्या काटकसरीचा परिणाम अवलंबून असतो. महाराष्ट्रातील गडकरी हा दुसऱ्या प्रकारचा मनुष्य होता.

१. शिबंदीची रचना

शिवकालीन किल्ल्यांची व्यवस्था सभासदाने आपल्या बखरीत सांगितली आहे, ती बहुतेक वाचकांस अवगत आहे. गडावर हवालदार, सरनोबत व सबनीस असे तीन कामगार समान दर्जाचे असत. कोठारे व सामानसुमान ह्यांचा हिशेब कारखानिसाकडे असे, आणि तटाचा घेर मोठा असल्यास त्याचे भाग पाडून त्यांवर तटसरनोबत नेमीत. कोणा एकाच्या मनात फितवा आला तरी गड शत्रूस मिळू नये, हा ह्या रचनेचा हेतू होय. दुर्गातील सैन्य अनेक मुख्यांच्या हाताखाली ठेवावे, म्हणजे परस्परांच्या भयाने ते शत्रूच्या भेदास बळी पडत नाही, असे कौटिल्यानेही अर्थशास्त्रात सांगितले आहे. त्याचा ग्रंथ महाराजांच्या कारभाऱ्यांनी पाहिला होता असे आमचे म्हणणे नाही; एकाच अडचणीतून दोन काळच्या शहाण्यांनी एकच वाट काढली, एवढेच त्यावरून दिसते.

ह्या कामगारांच्या हाताखाली तटावर चौकी-पहारा करणारी शिबंदी असे. तिच्याइतकाच महत्त्वाचा भाग गडाच्या खाली, घेऱ्यात, राहत असे. रामोशी, महादेव कोळी, महार, मांग इत्यादी मंडळींकडे घेऱ्यातील वाटा, रान व मेटे ह्यांची रखवाली असे. रात्री रानात काय हालले, कोणत्या घळीतून मनुष्य चढू शकेल, कोणते टाके उन्हाळ्यात आटते, हे ज्ञान त्यांचे. हे ज्ञान बापाकडून मुलाकडे येई, आणि म्हणूनच ही चाकरीही बापाकडून मुलाकडे येई. जाबत्यात ह्या मंडळींच्या नेमणुकीचे आकडे सर्वांत लहान असतात. पण गडाचे खरे कुलूप त्यांच्याच हाती असे.

२. पगाराची रीत

गडावरील माणसांचे वेतन तीन रूपांनी पोचे: रोख मुशाहिरा, कोठारातील धान्य, आणि जमीन. ह्या तिहींचे प्रमाण ठिकाणपरत्वे व कालपरत्वे बदलत गेले. रोख पैका नेहमीच अपुरा. हुजुरातून वरात मिळाली तरी ज्या महालावर ती काढली तेथे वसूल पडलेला असेल तरच तिचे द्रव्य व्हायचे. सबब जसजसा काळ गेला तसतसा जमिनीकडे कल वाढत गेला. कोश अल्प असेल तर राजाने सेवकांस वनातील माल, गुरे व शेते द्यावीत, रोख थोडेच द्यावे, असा कौटिल्याचा उपदेश आहे. आमच्या राज्यांनी तो न वाचताच आचरला. लढाईत मनुष्य पडला तर त्याच्या मुलास बालपरवेशी देण्याची रीत होती, तिचाही अर्थ हाच. चाकरी एका देहाशी नव्हे, तर घराशी बांधलेली होती.

राज्याच्या बेहेड्यात ही मोठीच सोय होती. रोख खर्चाचे कलम लहान दिसे, कारण गडकऱ्याचे पोट त्याच्या शेतावर भरे. परंतु ह्या सोयीची दुसरी बाजू ध्यानात ठेवली पाहिजे. रोख पगाराचा शिपाई दूर केला तर त्याचा पगार थांबतो, आणि तो दुसरीकडे चाकरी शोधतो. जमिनीवर जगणारा गडकरी दूर केला तर प्रश्न उभा राहतो की, जमिनीचे काय? ती जमीन तो आपली समजतो, कारण त्याच्या पणज्याने त्याच गडावर पहारा केला आहे. सरकार ती सरकारची समजते, कारण ती चाकरीबद्दल दिलेली आहे आणि चाकरी आता नको आहे. दोन्ही म्हणणी आपापल्या परीने खरी, हीच ह्यातील अडचण.

३. इ. स. १८१८ नंतरचा पालट

१८१८ साली पेशव्यांचे किल्ले एकामागून एक इंग्रजांच्या हाती आले. ह्या नव्या धन्यास किल्ल्यांचे प्रयोजन फार थोडे होते. त्याचे बळ छावणीतल्या कवायती पलटणींत व तोफखान्यात होते, आणि डोंगरी किल्ला म्हणजे उद्या कोणी बंडखोर चढून बसण्याची जागा, अशी त्याची दृष्टी होती. त्यामुळे कित्येक गडांच्या वाटा व पायऱ्या सुरुंगांनी उडविण्यात आल्या, आणि बाकीच्यांवर नाममात्र शिबंदी राहिली. जहागीरदार, इनामदार व देवस्थाने ह्यांचे हक्क शक्य तेथे चालवावेत असे एल्फिन्स्टनचे धोरण होते. मात्र घेऱ्यातला पहारेकरी इतका लहान होता की कोणत्याही तहनाम्यात त्याचे नाव येण्याजोगे नव्हते.

पुढे १८२४ ते १८२६ पर्यंत ब्रह्मदेशाशी युद्ध झाले आणि कंपनीच्या खजिन्यावर मोठा ताण पडला. १८२८ साली लॉर्ड बेंटिंक गव्हर्नर जनरल होऊन आला तो काटकसरीचा आदेश घेऊनच. मुलकी व लष्करी खर्च तपासण्यासाठी त्याने समित्या नेमल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात कलकत्त्याच्या आसपासच्या काही ठाण्यांवरील गोऱ्या अंमलदारांचा भत्ता निम्मा करण्याचा हुकूम निघाला. त्या अंमलदारांनी मोठा गिल्ला केला, अर्जांवर अर्ज केले, वर्तमानपत्रांतून लिहिले. विलायतेतील डायरेक्टरांनी हुकूम कायम ठेवला, तथापि कोणाची चाकरी गेली नाही आणि प्रत्येकाचे म्हणणे दप्तरात नमूद झाले. गडकऱ्यास असे एकही दार उघडे नव्हते, एवढा भेद दाखविण्यापुरताच हा प्रसंग येथे सांगितला.

४. पुरंदर व जुन्नरचे डोंगर

पुरंदरच्या रामोशांकडे किल्ल्याच्या रखवालीचे काम व त्याबद्दलचे हक्क पूर्वापार होते. पेशवाईच्या उत्तरार्धात त्यांस धक्का लागला, आणि इंग्रजी अमलात शिबंदी घटल्यावर ते उपजीविकेसच मुकले. उमाजी नाईक हा ह्याच मंडळींपैकी. १८२६ पासून १८३१ च्या अखेरीस पकडला जाईपर्यंत त्याने पुणे प्रांताचा डोंगराळ मुलूख हालवून सोडला. त्याच्या पाठलागावर असलेल्या कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉशने पुढे रामोशांच्या पूर्वपीठिकेविषयी एक पुस्तक लिहिले. ते १८३३ साली छापले गेले, आणि आजही ह्या विषयावर ते टाळता येत नाही. ज्याने शिकार केली त्यानेच वंशवृत्त लिहावे हा योग चमत्कारिक खरा. परंतु त्या पुस्तकात रामोशांचे गेलेले हक्क बारकाईने नोंदलेले आहेत, म्हणजे हा दंगा नुसत्या लुटीच्या हौसेने झाला नाही हे त्या अधिकाऱ्यासही कळले होते.

येथे हिशेबाच्या दृष्टीने एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. दंगा आवरेना तेव्हा सरकारने रामोशांस माफी दिली, त्यांतील पुष्कळांस पगार देऊन डोंगरी पोलिसात घेतले, आणि काहींस जमिनीही दिल्या. म्हणजे किल्ल्यांच्या कलमात जो खर्च 'कमी' झाला होता, तोच पोलिसाच्या कलमात पुन्हा 'जमा' होऊन बसला. मधल्या काळात गेलेली गावे, गेलेले जीव व पाठलागाचा खर्च हे कोणत्याच कलमात आले नाहीत. जुन्नर व अकोले भागातील महादेव कोळ्यांचेही असेच झाले. गडांवरील शिबंदी कमी झाल्याने त्यांचीही माणसे रिकामी झाली होती, आणि रामोशांचे उदाहरण पाहून १८२८ च्या सुमारास त्यांनीही उठाव केला.

५. कोल्हापूरचा प्रसंग

ह्या सर्वांत मोठा प्रसंग कोल्हापूर संस्थानातला. इंग्रजांशी झालेल्या तहांनी संस्थानच्या सैन्याची मर्यादा ठरून गेली होती. १८३८ च्या नोव्हेंबरात शहाजी ऊर्फ बुवासाहेब महाराज वारले, व त्यांचे पुत्र शिवाजी ऊर्फ बाबासाहेब हे अज्ञान होते. दरबारात तट पडले आणि कर्ज वाढले. काही वर्षांनी इंग्रज सरकारने दाजी कृष्ण पंडित ह्या गृहस्थांस कारभारी नेमले, आणि त्यांनी जमाखर्चाची घडी बसविण्याचे काम हाती घेतले.

कोल्हापुरी गडकरी हे वंशपरंपरेने गडावर चाकरी करीत, आणि चाकरीबद्दल त्यांस सारामाफ जमिनी असत. नव्या व्यवस्थेत ह्या जमिनींचा कारभार मामलेदारांच्या हाती देण्यात आला. कागदावर हा फेरबदल साधा दिसतो. वसूल कोणी करावयाचा, एवढाच प्रश्न. परंतु गडकऱ्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की, आजवर जे आपले होते ते ह्यापुढे मामलेदाराने मोजून द्यावयाचे. आणि जो मोजून देतो तो उद्या कमीही करू शकतो. गड नकोसे झाले म्हणजे गडकरीही नकोसे होणार, हे शेजारच्या इंग्रजी मुलखात त्याने पंचवीस वर्षे पाहिले होते.

१८४४ च्या पावसाळ्यात सामानगडच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. भुदरगडही उठला. बेळगावाहून फौज आली. जनरल डेलामोट ह्याच्याकडे मुख्य अधिकार होता, व पुढे कर्नल औट्रम येऊन मिळाला. ऑक्टोबरात सामानगड हल्ला करून घेण्यात आला. तरीही वणवा शमला नाही. साताऱ्याचा रेसिडेंट राहिलेला कर्नल ओव्हान्स हा बंडवाल्यांच्या हाती सापडला, आणि त्यास त्यांनी पन्हाळ्यावर कैदेत ठेवले. १ डिसेंबर १८४४ रोजी तोफांनी भिंतीस खिंडार पाडून पन्हाळा घेतला. तोवर आग सावंतवाडीकडे पसरली होती. मनोहरगड पुढल्या वर्षाच्या आरंभी पडला, व तेथील पुढारी गोव्याच्या हद्दीत निघून गेले.

परिणाम थोडक्यात असा. पन्हाळा, सामानगड, भुदरगड, विशाळगड इत्यादी गडांची तटबंदी पाडण्यात आली. वंशपरंपरेच्या शिबंदीची पद्धतच मोडली. संस्थानचे जुने सैन्य दूर करून त्याच्या जागी इंग्रजी देखरेखीची नवी पलटण उभारली. बंड मोडण्यास आलेला खर्च संस्थानावरच बसला. ज्या काटकसरीने कर्ज फिटावयाचे, तिच्यामुळे नवे कर्ज झाले.

६. कारभाऱ्याची बाजू

इतके लिहून थांबलो तर ते एकांगी होईल. दाजी पंडितांस दोष देणे सोपे आहे, परंतु त्यांच्या जागी बसून पाहिले पाहिजे. संस्थान कर्जात होते. राजा अज्ञान होता. गड ज्या युद्धपद्धतीसाठी बांधले ती संपली होती, आणि पन्हाळ्यासारखा गडही तोफांपुढे एक दिवस टिकला नाही. वंशपरंपरेच्या चाकरीत कालांतराने नावे राहतात आणि माणसे राहत नाहीत, हेही अनुभवसिद्ध आहे. जमिनी खाणारे अनेक व पहाऱ्यास उभे राहणारे थोडे, अशी स्थिती कोणाही हिशेबी माणसास खुपेल. तेव्हा कपात करावयासच नको होती असे आम्ही म्हणत नाही.

दोष आमच्या मते अन्यत्र आहे. कौटिल्य सैन्याच्या व्यसनांचा विचार करताना दोन प्रकार वेगळे काढतो. ज्याचा मान राखला गेला नाही असे सैन्य, मान दिला म्हणजे लढते. परंतु ज्याचा अपमान झाला आहे असे सैन्य लढत नाही, कारण त्याच्या पोटात कोप असतो. तसेच ज्यास वेतन मिळाले नाही असे सैन्य वेतन मिळताच उभे राहते. कारभाऱ्याने गडकऱ्यांस केवळ वेतनाचा प्रश्न समजून त्याचे उत्तर मामलेदाराच्या वहीत शोधले. वास्तविक त्यांचे दुखणे अपमानाचे होते. जमीन कायम करून चाकरी मात्र उतरविली असती, किंवा हयात असलेल्यास हयातभर चालवून पुढच्या पिढीपासून कमी केले असते, तर गड रिकामे झाले असते आणि माणसेही राहिली असती. हा मार्ग धीमा खरा. पण वर सांगितलेल्या शीघ्र मार्गाचा खर्च पाहता, धीमा मार्ग महाग ठरला असता असे म्हणवत नाही.

७. संग्राहकांस सूचना

आता मूळ विषयाकडे येऊ. अशा कागदांतील 'कमी' कसा वाचावा?

प्रथम, एकाच गडाचे लागोपाठच्या सालांचे जाबते मिळतील तितके एकत्र लावावेत. एकटा जाबता मुका असतो, दोन शेजारी ठेवले म्हणजे बोलू लागतात. दुसरे, 'कमी' हा एकच शब्द अनेक गोष्टींस लागतो. मयत, फरारी, गैरहजेरीची कापणी, दुसऱ्या ठाण्यावर बदली, आणि बरतर्फी ही सर्व त्याच्या पोटात असतात. मयताच्या जागी पुढल्या साली बहुधा मुलाचे किंवा भावाचे नाव येते, बरतर्फाच्या जागी कोणाचेच येत नाही. ही रिकामी जागा हीच खरी कपात. तिसरे, त्या नावाची जमीन पुढे कोठे गेली हे महालाच्या कागदांत पाहावे. जप्ती, अमानत, खालसा हे शब्द तेथे भेटतील. चौथे, तेच आडनाव व तेच गाव फौजदारी व पोलिसाकडील कागदांत शोधावे. जाबत्यातला पहारेकरी तेथे कधी दरोडेखोर म्हणून भेटतो, कधी डोंगरी पोलिसातला नाईक म्हणून. पुण्याचे पेशवे दप्तर व कोल्हापूरचे दप्तर ह्यांत हा शोध करता येतो. कोल्हापूरच्या प्रसंगासाठी त्या वेळचा पोलिटिकल सुपरिंटेंडेंट ग्रॅहम ह्याचा संस्थानाविषयीचा १८५४ चा छापील अहवाल जवळ ठेवावा. मात्र तो दंगा मोडणाऱ्या सरकारच्या माणसाने लिहिला आहे, हे विसरू नये.

दुसरी बाजू सरकारी दप्तरात मिळणे कठीण. ती घरांत आहे. काही वर्षांपूर्वी आमचा एक जुना विद्यार्थी एका गडाच्या घेऱ्यातील आपल्या गावी आम्हांस घेऊन गेला. त्याच्या चुलत्यांनी माळ्यावरून मोडी कागदांचे एक गाठोडे काढले व म्हणाले, "मास्तर, ह्यात जमिनीचा कागद असला तर सांगा, नसला तर कशाला ठेवायचे?" आम्ही पाहिले. जमिनीचा कागद नव्हता. पहाऱ्याच्या पाळ्यांच्या यादी होत्या, धान्य पोचल्याच्या पावत्या होत्या, आणि शेवटी, पाळ्यांच्या यादी संपल्यावर, अर्जांच्या नकला होत्या. सर्वांत 'आमची चाकरी पूर्वापार' हाच मजकूर फिरून फिरून आलेला होता. उत्तर एकाही अर्जास लागलेले नव्हते. आम्ही त्यांस सांगितले की जमीन ह्यात नाही, परंतु जमीन का गेली ते ह्यात आहे. गाठोडे त्यांनी ठेवून घेतले. अशी किती गाठोडी आजवर चुलीत गेली असतील ह्याची कल्पना करवत नाही.

२०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले, त्यांत पन्हाळा आहे ही आनंदाची गोष्ट होय. परंतु तट व बुरूज म्हणजे गड नव्हे. त्यावर पहारा करणारी माणसेही गडच होत. त्यांची नावे ज्या कागदांवर आहेत ते कागद सोन्याच्या शाईचे नाहीत, त्यांवर राजमुद्रा नाही, आणि बाजारात त्यांस मोल नाही. तेव्हा वाचकांस एवढीच विनंती आहे की, पुढल्या खेपेस रुमालाच्या तळाशी असा हिशेब सापडला तर तो पुन्हा तळाशी घालण्यापूर्वी त्यातील 'कमी'च्या ओळी उतरून घ्याव्यात, आणि गाव, गड, साल व नाव ह्यांसह मंडळाकडे पाठवाव्यात. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी ज्यांस हिशेबातून वजा केले, त्यांस निदान इतिहासात तरी जमा धरता येईल.